इंदुबाईचं घर नवव्या मजल्यावर

लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा पुणं असं पाहिलंच नाही. पाहिली ती खाणवस्ती. कोथरूडच्या टेकडीच्या पायथ्याशी पूर्वी दगडाची खाण होती. खाण बंद पडली, दगड फोडणारे तिथेच राहिले आणि त्यांच्याभोवती वस्ती वाढत गेली. आम्ही आलो सत्त्याण्णव साली, म्हणजे फार उशिरा. माझा नवरा संपत टेम्पो चालवायचा. आम्ही वाशिमकडचे, पुण्यात ओळखीचं कुणी नाही. पोपट नावाच्या माणसाने त्याच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली आम्हाला भाड्याने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन नळावर गेले. पोपटची बायको राधा म्हणाली, भाडेकरूंनी शेवटी भरायचं, तशी पद्धत आहे. मी मागे जाऊन उभी राहिले. तेवढ्यात एक ठेंगणी, रुंद बाई आली. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि राधाला म्हणाली, "नळाला मालक-भाडेकरू कळत नाही. हिला नंबरात घे." मग मला म्हणाली, "तू काय बघतेस? लाव हंडा."

त्या इंदुबाई ओव्हाळ. त्यांचं बोलणं असंच होतं. चांगलं काम करतानाही समोरच्याला आधी राग यावा असं.

कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात त्या भांडी घासायच्या. लग्नसराईत पहाटे जायच्या, दुपारी यायच्या, आंघोळ करून धुतलेली साडी नेसायच्या आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायच्या. वस्तीतला नळ त्यांनी आणला होता. संडास त्यांनी बांधून घेतले होते. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, वेळ लागेल. इंदुबाई बाकावर बसत म्हणाल्या, "लागू दे. मला कुठं लग्नाला जायचंय? लग्नातूनच आले." संध्याकाळी साहेब मागच्या दाराने निघाले, तर या मागच्या दाराशी उभ्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्या करमाळ्याकडून आईवडिलांबरोबर पुण्यात आल्या होत्या. नवरा याच खाणीत दगड फोडायचा. धुळीने त्याची छाती गेली आणि मुलगा प्रज्ञेश शाळेत जायच्या आधीच तो गेला. घर नवऱ्याच्या नावावर राहिलं, ते बदलून घ्यायला इंदुबाईंना कधी सवड झाली नाही. लोकांची घरं नावावर करून देण्यात दिवस जायचे.

वस्तीतल्या बायका मला एकोणनव्वद सालची गोष्ट सांगायच्या. महापालिकेची गाडी घरं पाडायला आली होती. इंदुबाई बुलडोझरपुढे आडव्या झाल्या, त्यांच्यामागे राधा झाली, मग सगळ्याच. पोलिसांनी एकेकीला हातापायाला धरून उचललं आणि गाडीत टाकलं. पोपट तेव्हा ऐन पंचविशीतला. त्याने दगड मारला म्हणून त्याला चौकीत नेऊन बडवलं. बायकांना सोडल्यावरही इंदुबाई घरी गेल्या नाहीत. पोपटला सोडीपर्यंत चौकीच्या पायरीवर बसून राहिल्या. प्रज्ञेश तेव्हा तापाने फणफणलेला होता, तो शेजारणीकडे. पोपट पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत सांगायचा, "माझ्या दोन आया. एक जन्माची, एक चौकीच्या पायरीवरची."

घरं वाचली. मग वस्ती वाढली. ज्यांना जागा होती त्यांनी बाजूला पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या. कुणी कंपनीत कामाला, कुणी हमाल, कुणी शिकायला आलेली पोरं. चाळीसेक बिऱ्हाडं असू आम्ही भाडेकरूंची.

दोन हजारनंतर कोथरूड ओळखू येईना. वस्तीच्या तिन्ही बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या. पहाटे मुख्य रस्त्यावर हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या लागायच्या आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी त्यांत चढायची. संपतलाही अशाच एका बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. सोसायट्यांच्या जाहिरातींत टेकडीचं चित्र असायचं. चित्रात आम्ही नसायचो.

आप्पासाहेब तेव्हाच आले. पूर्वी नगरसेवक होते, नंतर बांधकामात पडले. पांढरे कपडे, हळू आवाज, प्रत्येकाला "आपण" म्हणायचे. सरकारी योजनेतून इथेच इमारत बांधतो, म्हणाले. प्रत्येक झोपडीमालकाला फुकट फ्लॅट, उरलेल्या जागेवर विकायच्या इमारती. त्यासाठी वस्तीतल्या बहुतेक मालकांची संमती लागत होती. पंच्याण्णव सालाआधीचे पुरावे असलेले मालक पात्र. नंतर आलेले आणि भाडेकरू, यांचं योजनेत नावच नव्हतं.

सगळ्यांना वाटलं होतं इंदुबाई इमारतीलाच विरोध करतील. त्यांनी केला नाही. त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या, "बांधा. पत्र्यात राहायची हौस कुणाला नाही. पण या चाळीस बिऱ्हाडांना पण त्यात एकेक खोली द्या. फुकट नको, भाड्याने द्या, पण इथंच. नाहीतर माझी सही नाही, आणि माझ्या मागं आहेत त्यांचीही नाही."

आप्पासाहेब हसून म्हणाले, आपला विचार थोर आहे, बघू या. आणि त्यांनी खरंच बघितलं. इंदुबाईंच्या मागे कोण कोण आहे ते बघितलं आणि एकेकाच्या घरी जायला सुरुवात केली.

पहिला पोपट फिरला. त्याला रहिवाशांच्या कमिटीचा अध्यक्ष केलं आणि वस्तीच्या तोंडाशी ऑफिस थाटून दिलं. त्याने आम्हाला खोली सोडायला सांगितलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. मग वस्तीत हळूहळू एकच वाक्य ऐकू यायला लागलं. आपले फ्लॅट अडलेत ते या भाड्याच्या लोकांसाठी. कालपरवा आलेल्यांसाठी.

त्याच सुमाराला इंदुबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका ट्रस्टच्या मोफत शिबिरात झालं, मीच त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. तो घालून त्या वस्तीत शिरल्या त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात झालं म्हणे. पैसे दुसऱ्या बिल्डरने भरले म्हणे. आप्पासाहेबांचं काम मोडायला त्या बिल्डरने म्हातारीला धरलंय. मी चार जणींना शिबिराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू बोलणारच, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं.

समाजमंदिरात सभा बोलावली. जागा पुरली नाही, लोक खिडक्यांपाशी उभे होते. पोपट बोलायला उठला. इंदुबाईंकडे न बघता म्हणाला, लोकांच्या मनात शंका आहे, ती दूर करायची असेल तर मावशींनी सगळ्यांसमोर प्रज्ञेशच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी की कुणाचा पैसा घेतला नाही.

प्रज्ञेश पुढच्याच रांगेत होता. तो हिंजवडीच्या एका कॉल सेंटरमध्ये लागला होता. इंदुबाई काळा चष्मा काढून उभ्या राहिल्या. डोळ्यातून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं. म्हणाल्या, "शपथ मी घेणार नाही. तीस वर्षं मला बघताय. तेवढ्यात कळलं नसेल तर शपथेनं काय कळणार?"

कुणीतरी एकाने तरी बोलावं असं मला वाटत होतं. ज्यांची रेशनकार्डं त्यांनी काढून दिली होती, ज्यांच्या पोरींना शाळेत घातलं होतं, ते सगळे होते तिथे.

बोलला तो प्रज्ञेश. तो उठून आईसमोर आला. कल्याणी नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं आणि पोरगा झोपडपट्टीत राहतो म्हणून तिच्या घरचे अडून बसले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, तू लोकांना घरं देत आलीस. मला कधी देणार?"

प्रज्ञेश संमतीचे कागद ठेवलेल्या टेबलापाशी गेला. घर वडिलांच्या नावावर, त्यामुळे वारस म्हणून त्याची सही चालत होती. त्याने केली. मागे रांग लागली. राधा माझ्याजवळून गेली तेव्हा मला म्हणाली, "खोली बघून ठेव बाई."

आप्पासाहेबांना हवी तेवढी संमती मिळाली. लोकांना तात्पुरतं राहायला कॅनॉलच्या पलीकडे पत्र्यांच्या शेडची रांग बांधून दिली होती, संक्रमण शिबिर. घरं रिकामी झाली, आम्ही भाडेकरू कुठे कुठे पांगलो. हिंजवडीत गावच्या एका जमीनदाराने ओळीने खोल्या बांधल्या होत्या, त्यांतली एक आम्ही घेतली. मी तिथल्याच एका कंपनीत साफसफाईच्या कामाला लागले.

इंदुबाई मात्र खाणवस्तीतून हलल्या नाहीत. प्रज्ञेशने सामान नेलं, त्या मागे राहिल्या. सगळी वस्ती पाडलेली आणि मधे त्यांचं एक घर. कमिटीने त्यांचं पाणी तोडलं. वीज तोडली. दारात कचरा आणून टाकला जायचा. मी रविवारी डबा घेऊन जायचे तेव्हा त्या फावड्याने कचरा ओढत असायच्या. एकदा म्हणाल्या, "बघ, अंड्याची टरफलं. राधाच्या घरची. बुधवारी तिच्याकडे अंडी असतात." जसं काही राधाने डबाच पाठवला होता.

अधिकारी म्हणाले, म्हातारी बाई आहे, आम्ही पोलीस लावून काढली तर पेपरात येईल. आप्पासाहेब म्हणाले, जागा पूर्ण रिकामी झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आता तुम्हीच बघा. आणि मग ते काम बायकांनी केलं.

रविवार होता, मी तिथे होते. सकाळी दहाच्या सुमाराला पंधरावीस बायका आल्या. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. दोघी छपरावर चढल्या आणि पत्रे काढायला लागल्या. इंदुबाई दाराशी येऊन जमिनीवर आडव्या झाल्या. सगळ्या थांबल्या. एकोणनव्वद साली ज्या त्यांच्या शेजारी झोपल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जणी होत्या त्यात. मग राधा पुढे झाली आणि तिने पाय धरले. दोघींनी एकेक हात धरला, चौथीने कमरेखाली हात घातला. मी मधे पडायला गेले तर मला दोघींनी भिंतीशी दाबून धरलं.

उचलून नेताना त्यांची पाठ खडीवरून घासत होती. इंदुबाई म्हणाल्या, "राधा, नीट धर. पाठ लागतीये खाली."

राधाने पाय वर उचलले आणि नीट धरलं. रस्त्यापर्यंत नेऊन कठड्यावर बसवलं, पदर सारखा करून दिला. मग परत जाऊन सगळ्यांनी मिळून घर पाडलं. दुपारच्या जेवणाआधी झालं.

प्रज्ञेशला फोन केला. तो म्हणाला, शेडमध्ये तो आणि कल्याणी, नवीनच लग्न झालेलं, एकच खोली, आई दोन दिवस दुसरीकडे राहिली तर बरं. मी त्यांना हिंजवडीला घेऊन आले. दोन दिवसांची पाच-सहा वर्षं झाली.

आमच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या, कारण पाठीवर निजता येत नव्हतं. जखम भरली, पण तिथली कातडी काळीच राहिली. महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस मी कामावरून आले तर खोल्यांच्या जमीनदाराशी त्यांचं भांडण चाललेलं. एवढ्या बिऱ्हाडांना दोन संडास कसे पुरणार म्हणून. जमीनदार हिंमतराव मला म्हणाला, "म्हातारीला आवर, नायतर तुलाच खोली सोडावी लागंल." मी आवरलं. दुसरा इलाज नव्हता.

आप्पासाहेबांनी आधी विकायच्या इमारती बांधल्या. त्या भरल्या. लोकांची इमारत चार मजले वर गेली आणि मंदी आली म्हणून थांबली. शेडमधली माणसं शेडमध्येच राहिली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात कॅनॉलचं पाणी आत यायचं. दोन वर्षांसाठी गेलेले लोक चौथ्या पावसाळ्यात तिथेच होते. त्या पावसाळ्यात एका शेडच्या पत्र्यात करंट उतरला. राधाची नात दाराला धरून उभी होती. चार वर्षांची होती.

पंधरवड्याने राधा आणि पोपट हिंजवडीला आमच्या खोलीवर आले. राधा दारातच बसली, आत आली नाही. पोपट खाली बघत होता. म्हणाला, आप्पासाहेब भेटत नाहीत, फोन उचलत नाहीत, कमिटीला ऑफिसातून हाकलतात. मावशी, तुम्ही चला.

मला वाटलं आता इंदुबाई बोलतील. मनातून मला ते ऐकायचं होतं. त्या उठल्या, राधाशेजारी दारात जाऊन बसल्या. मग इंदुबाईंनी विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं होतं?"

राधा म्हणाली, "दीपमाला."

"मी बघितलीच नाही तिला," इंदुबाई म्हणाल्या आणि आत येऊन पिशवी भरायला लागल्या.

डेक्कनला आप्पासाहेबांचं ऑफिस होतं, काचेचं, वातानुकूलित. इंदुबाईंनी शेडमधल्या सगळ्या बायका नेऊन तिथल्या जिन्यावर बसवल्या. घोषणा नाहीत, काही नाही. फक्त जिना भरून टाकला. फ्लॅट बघायला येणाऱ्या लोकांना बायकांच्या मांड्यांवरून पाय टाकून वर जावं लागायचं, आणि कुणी विचारलं तर एकेकीने आपण किती वर्षं पत्र्यात आहोत ते सांगायचं. राधाने नातीचा फोटो मांडीवर ठेवला होता. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकं यायची बंद झाली. त्यात महापालिकेची निवडणूक जवळ आलेली. आप्पासाहेबांनी बोलावून घेतलं, काम सुरू करायची तारीख लिहून दिली, आणि खरंच काम सुरू झालं.

त्या विजयाची सभा शेडच्या मोकळ्या जागेत झाली. मी गेले होते. इंदुबाईंना हार घातला. त्यांनी तो काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, आता सगळे एक झालेलेच आहोत, तर त्या चाळीस बिऱ्हाडांचंही आप्पासाहेबांकडून लिहून घेऊ. जिना भरून दाखवला तर हेही होईल.

पोपट माइकपाशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तो विषय आता नको. आधी आपलं होऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदुबाई खाली बसल्या. मी मागे होते, माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

परत येताना बसमध्ये मी त्यांना म्हणाले, तुम्हाला ठाऊक नव्हतं का असं होणार ते?

"होतं की."

"मग गेलात कशाला?"

त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "पोरं पत्र्यात झोपतात, ते तर खोटं नव्हतं ना?" आणि थोड्या वेळाने, "तू चिडू नको. तुला काही देऊ शकले नाही, ते मला कळतं."

मला चिडताही आलं नाही.

इमारत पुरी व्हायला आणखी तीन वर्षं लागली. चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले. इंदुबाईंच्या घराच्या वाट्याला नववा मजला आला. प्रज्ञेश येऊन त्यांना घेऊन गेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लिफ्ट बंद होती. पुढच्या वेळीही बंद. देखभालीचा खर्च कुणी द्यायचा यावर कमिटीत भांडण होतं. इंदुबाईंचे गुडघे संपले होते. त्या एकदा वर गेल्या त्या वरच राहिल्या. वस्तीत असताना दिवसभर दारात माणूस असायचा, इथे दार लावून घ्यायची पद्धत पडली होती. कल्याणी सकाळी कामावर जायची, प्रज्ञेशची रात्रपाळी, तो दिवसा झोपायचा, म्हणून रेडिओसुद्धा लावायचा नाही. मी विचारलं, राधा येते का? म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर मिळालंय तिला. सात मजले कोण चढणार?"

वर्ष झालं नसेल, प्रज्ञेशने फ्लॅट भाड्याने दिला. नियमाने देता येत नव्हता, पण निम्म्या इमारतीने दिला होता. आयटीतली पोरं हवं ते भाडं देतात आणि तक्रार करत नाहीत. साई आणि सुदर्शन नावाची दोन पोरं राहायला आली. प्रज्ञेश आणि कल्याणी हिंजवडीच्या बाजूला मोठ्या सोसायटीत भाड्याने गेले, ऑफिस जवळ पडावं म्हणून. इंदुबाईंची सोय लोणी काळभोरला केली. कल्याणीची आत्या वेणूबाई तिथे राहायची, तिच्या अंगणात एक खोली होती. प्रज्ञेश मला म्हणाला, "आईला तळमजला बरा. पायऱ्या नाहीत."

हिंजवडीहून लोणी काळभोर म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं. तीन बस बदलून मी जायचे, दोन-तीन महिन्यांतून एकदा. खोलीला एक दार होतं, खिडकी नव्हती. इंदुबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. त्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. वेणूबाई चांगली बाई होती, वेळेवर जेवण द्यायची, पण संध्याकाळी अंगणाच्या फाटकाला कुलूप घालायची. मी विचारलं तर म्हणाली, "परवा सरपंचाच्या घरी जाऊन भांडत बसल्या, गटारावरून. आम्हाला इथं राहायचंय."

शेवटच्या भेटीत त्या मला ओळखायला थोड्या अडखळल्या. मग हात धरून म्हणाल्या, "तुझं झालं का गं घर?"

आम्ही अजून हिंमतरावाच्याच खोलीत होतो. मी म्हटलं, झालं.

"कितव्या मजल्यावर?"

मी म्हटलं, दुसऱ्या. त्यांना फार बरं वाटलं. पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, दुसरा चांगला, दुसरा चांगला.

मार्चमध्ये त्या गेल्या. सकाळी वेणूबाई चहा घेऊन गेली तर खुर्चीतच होत्या. अंत्यविधी लोणी काळभोरलाच उरकला. इमारतीत दर्शनाला आणावं असं प्रज्ञेशच्या मनात होतं, पण कमिटीने कळवलं की पार्किंगमध्ये गाड्या असतात, भाडेकरूंची अडचण होते. मला फोन आला तोवर सगळं झालेलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मात्र इमारतीच्या हॉलमध्ये ठेवला. मी आणि संपत गेलो. फाटकावर मोठा फ्लेक्स होता. मधे आप्पासाहेब हात जोडून, बाजूला पोपट आणि कमिटी, आणि कोपऱ्यात वरच्या बाजूला इंदुबाई, काळा चष्मा घातलेल्या. दुसरा फोटो कुणाकडे नव्हता. खाली लिहिलं होतं, खाणवस्तीच्या माउलीस भावपूर्ण श्रद्धांजली.

वॉचमनने अडवलं. कुणाकडे जायचं? मी म्हटलं, इंदुबाई ओव्हाळ, नववा मजला. तो म्हणाला, नवव्या मजल्यावर या नावाचं कुणी राहत नाही. मी फ्लेक्सकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ते कार्यक्रमाचं आहे, पाहुण्यांची नावं द्या. शेवटी संपतने प्रज्ञेशला फोन लावला तेव्हा आत सोडलं.

भंतेजींनी वंदना घेतली. मग भाषणं झाली. आप्पासाहेब म्हणाले, ही वास्तू म्हणजे इंदुबाईंचं स्वप्न होतं, पहिल्या दिवसापासून त्या माझ्या पाठीशी ठामपणे उभ्या होत्या. पोपटने चौकीच्या पायरीची गोष्ट सांगितली आणि तो खरोखर रडला. बायकाही रडल्या. राधा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती रडली नाही, हातांकडे बघत होती. जेवणाच्या रांगेत ती माझ्या मागे आली आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं.

निघताना प्रज्ञेश म्हणाला, ताई, एक काम कराल का? लोणीची खोली रिकामी करायची आहे, मला सुट्टी मिळत नाहीये. तुम्हाला त्यातलं काही हवं असेल तर घ्या.

मी रविवारी गेले. सामान फार नव्हतं. दोन पातेली, एक पिशवीभर साड्या, बाबासाहेबांचा फोटो, औषधं. भांडी आणि साड्या शेजारच्या शेतात कामाला येणाऱ्या बायकांना दिल्या. फोटो पिशवीत घेतला. खोली झाडली, फरशी पुसली. वेणूबाई दारात उभी होती. तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

मी म्हटलं, भाडेकरू होतो आम्ही त्यांच्या वस्तीत.

"मग एवढं करता?" ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

अंगणात एक नवरा-बायको उभे होते. नांदेडकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. बाईच्या कडेवर मूल, पायाशी गाठोडं आणि गॅसची शेगडी. वेणूबाईने त्यांना आजच या म्हणून सांगितलं होतं. बाई खोलीत डोकावून बघत होती. खिडकी नाही हे तिला दिसलं असावं, तरी ती गाठोडं उचलायला वाकली. फरशी ओली होती, म्हणून मी तिला म्हटलं, जरा जपून, पाय घसरेल. आणि त्यांना आत जायला वाट दिली.